अनीस शेठचं अडलेलं पान

लायबा शाळेतून शिकवून घरी आली ती डोळे सुजवूनच. दारात चपला काढल्या, ओढणीने नाक पुसलं आणि आईशी दोन शब्द पुटपुटून आतल्या खोलीत निघून गेली. अनीस शेठ नुकतेच जेवायला बसले होते. त्यांनी तोडलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," अख्तरबानो वाटीत डाळ वाढत म्हणाल्या. "पुस्तक वाचलंय तिने."

"पुस्तक?"

"रिक्षात वाचत होती म्हणे. शेवटी रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेऊन पाणी पाजलं तिला."

एवढ्यात तोंड धुऊन लायबा बाहेर आली. पुस्तक अजून काखेतच होतं. एका बाईचं आत्मचरित्र. डोंगरातल्या पाड्यावर जन्मली, वसतिगृहात राहून शिकली, पुढे नर्स झाली, असं काहीतरी. शहरातल्या वाचनालयात दर महिन्याला वाचणारे लोक जमत आणि कुठल्या पुस्तकाने आपल्याला कसं हलवलं ते सांगत. या रविवारी या पुस्तकावर बोलणं होणार होतं. लायबा त्यात पुढे असायची.

"कागदावर शाई असते, बेटा," अनीस शेठ म्हणाले. "शाईने कुठे डोळ्यांत पाणी येतं?"

हे त्यांनी म्हणावं याला कारण होतं. अनीस शेठ मिरचीचे व्यापारी. शहराबाहेर त्यांची पथारी होती, म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोठं मोकळं आवार. हंगामात तिथे जमीन दिसत नसे, नुसता लाल रंग दिसे. नवा माणूस फाटकातच ठसका लागून वाकायचा. देठ खुडणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधूनही दिवसभर डोळे पुसत. अनीस शेठ मात्र त्या ढिगांमधून बागेत फिरावं तसे फिरत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बाजारात कुणी पाहिलं नव्हतं. नंदुरबारच्या मिरचीला जे जमलं नाही ते एका पुस्तकाला जमावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

"मग तुम्ही वाचून दाखवा," लायबा म्हणाली.

"दाखवतो."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोरड्या डोळ्यांनी."

"त्यात काय मोठं?"

"आणि रविवारी वाचनालयात येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, की मला काही झालं नाही."

"माईक असला तर माईकवर सांगतो," अनीस शेठ म्हणाले आणि डाळीत भाकर कुस्करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज झाल्यावर ते पुस्तक घेऊन गच्चीवर गेले. सुरुवात त्यांना आवडली. बाई बेताचं लिहीत होती, उगाच फुगवत नव्हती. शेळ्या होत्या, नदी होती, चिडकी आजी होती. अनीस शेठ मान हलवत पानं उलटत गेले. मग वसतिगृहाचं पान आलं.

बापाने पहिल्यांदाच पोरीला दूर ठेवलं होतं. काही दिवसांनी तो बोरांची पुरचुंडी घेऊन चालत तिला भेटायला आला. फाटकावरचा माणूस म्हणाला, भेटायची वेळ संपली. बाप हुज्जत न घालता रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. समोर दुमजली इमारत. खिडक्याच खिडक्या. त्यातली आपल्या पोरीची कोणती ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने डावीकडच्या पहिल्या खिडकीकडे पाहून हात हलवला. तिला उलट हात हलवता यावा म्हणून जरा थांबला. मग दुसऱ्या खिडकीला हात केला. मग तिसऱ्या, असं करत शेवटच्या खिडकीपर्यंत. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'एकाही खिडकीतून हात हलला नाही. बाबांनी पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली.'

अनीस शेठनी पुस्तक मिटलं.  तोवर डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं.

नेमक्या त्याच वेळी अख्तरबानो चहा घेऊन वर आल्या.

"काय झालं डोळ्यांना?"

"कचरा गेला."

"दोन्ही डोळ्यांत?"

"मोठा होता."

अख्तरबानोंनी त्यांना खाली नेऊन आडवं पाडलं आणि दोन्ही डोळ्यांत गुलाबजल घातलं.

पण अनीस शेठ माघार घेणारे नव्हते. ते पान ओलांडून पुढे गेलं तर कुणाला कळणार होतं? पण पान गाळणं म्हणजे गोणीच्या तळाशी खराब माल भरणं, आणि ते त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पान वाचायचं, नीट वाचायचं आणि कोरड्या डोळ्यांनीच उलटायचं, असा त्यांनी निश्चय केला. दुपारी त्यांनी ते पान भरभर वाचून पाहिलं. तिसऱ्या खिडकीपाशी डोळे भरले. संध्याकाळी लिलावात पुकारावं तसं मोठ्याने वाचलं. आवाज फुटला. मग एक डोळा बंद करून वाचलं, तर उघड्या डोळ्यातून पाणी आलं आणि थोड्या वेळाने बंद डोळ्यातूनही आलं. का येतं, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

अख्तरबानोंनी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावला. "या वयात डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं की मोतीबिंदू असतो," त्या म्हणाल्या. शेजारच्या एका बाईंनी दुजोरा दिला. काजळ लावा, असाही एक सल्ला आला. घरात वाचणं आता शक्य नव्हतं.

तेव्हा अनीस शेठना पथारी सुचली. सगळं आवार डोळे पुसत असतं. तिथे एका माणसाचे डोळे ओले झाले तर कोण विचारणार? विचार चोख होता. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. सगळ्यांचे डोळे ओले असतात हे खरं, पण त्यांचे नसतात, हेही सगळ्यांना माहीत होतं.

पथारीच्या एका कोपऱ्यात कोरीट गावच्या भिलाची मिरची पसरलेली होती. भिला शेतकरी. यंदा त्याने नवीन वाण लावला होता. रंग असा की पाहत राहावं, पण चव जवळजवळ भोपळ्याची. ओली विकायला गेला तर कुणी हात लावेना, म्हणून अनीस शेठनी ती आपल्या पथारीवर वाळत घालू दिली होती. वाळल्यावर गिऱ्हाईक बघू, म्हणाले होते. त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नसे. अनीस शेठ भिलाच्या ढिगाआड गोणीवर बसले आणि पुस्तक उघडलं.

या वेळी पाचव्या खिडकीपर्यंत पोचले.

देठ खुडणाऱ्या बायकांची म्होरकी जमनाबाई रिकामी टोपली घ्यायला त्या बाजूला आली होती. तिला ढिगावरून शेठचं डोकं, खांदे आणि गालांवरून ओघळणारं पाणी दिसलं. मांडीवरचं पुस्तक दिसलं नाही. ती टोपली तिथेच टाकून परत फिरली.

"शेठ रडी ऱ्हायनात!"

"जाय वं!" एक बाई म्हणाली.

"देवानी आन! आपला डोयासले पानी ऊनं तं नवल नही. पन शेठना डोयाले? कोनती मिरची शे ती?"

"भिलाभाऊनी."

बायकांनी तोंडावरची फडकी आणखी घट्ट केली आणि त्या कोपऱ्यापासून दोन हात लांब सरकून बसल्या.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोष्ट हमालांपर्यंत गेली, चहापर्यंत बाजार समितीत पोचली. अनीस शेठला रडवणारी मिरची आली आहे! लोक एकमेकांना थांबवून सांगू लागले. सांगताना जो तो थोडी भर घालत होता. कुणी म्हणालं, शेठला चक्कर आली. कुणी म्हणालं, दवाखान्यात नेलं, अख्तरबानोंनी स्वतः डॉक्टरांचा नंबर लावलाय. आता नंबराचं तर खरंच होतं.

संध्याकाळी भिला धापा टाकत पथारीवर आला. तो त्या मिरचीची आशा सोडून बसलेला माणूस. त्याचा चेहरा उजळला होता.

"शेठ, मन्ही मिरची इतली तिखी शे? माले तं माहीतच नव्हतं!"

"कोण म्हणतं?"

"बठ्ठा गाव म्हनस. तुम्ही रडनात म्हने."

अनीस शेठनी घसा साफ केला. "डोळ्यात कचरा गेला होता, भिला."

"आज तं वारा बी नव्हता, शेठ," पलीकडून जमनाबाई म्हणाली.

"शेठ गुपित ठेवी ऱ्हायनात," भिला तिला हळूच म्हणाला, "भाव चढाले पाहिजे ना."

दुसऱ्या दिवशी चार-पाच व्यापारी सहज म्हणून पथारीवर येऊन गेले. सगळ्यांनी भिलाच्या ढिगाकडे तिरक्या नजरेने पाहिलं. आणि शनिवारी सकाळी नवापूरहून इमॅन्युएल आला. त्याचा मसाल्याचा कारखाना होता, आणि जहाल तिखट मसाला ही त्याची ओळख होती. व्यवहारात तो पक्का माणूस. अनीस शेठच्या शब्दावर तो गोणी न उघडता माल उचलायचा.

पथारीकडे येताना अनीस शेठनी सगळा विचार करून ठेवला होता. मिरची तिखट आहे असं आपण म्हणायचं नाही. मालाबद्दल खोटं बोलायचं नाही, हे तर ठरलेलंच. पण रडण्याचं खरं कारणही सांगायचं नाही. नाहीतर लायबा जिंकली, आणि बाजारात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. इमॅन्युएल मिरची चाखेल, गोड आहे म्हणेल, आणि प्रश्न आपोआप मिटेल.

"चाखून बघ," त्यांनी इमॅन्युएलला एक लालभडक मिरची दिली. भिला, जमनाबाई आणि कालचे व्यापारी गोल करून उभे होते.

इमॅन्युएलने मिरची अर्धी तोडली, चावली, आणि थांबला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ज्या मिरचीने अनीस शेठ रडले तिचं आपल्याला काहीच वाटू नये, म्हणजे दोष जिभेत असणार. मसाल्याच्या कारखानदाराची जीभ गेली, हे नवापूरला कळलं तर?

"हाऽऽ!" इमॅन्युएल तोंडापुढे हात हलवत म्हणाला. "बापरे! हळूहळू चढते ही."

"आम्ही नाही का सांगितलं!" एक व्यापारी म्हणाला. त्यानेही एक मिरची उचलली, खाल्ली आणि पाण्याची बाटली मागितली. दुसऱ्याने खाल्ली आणि तो नाचायलाच लागला. भिलाने अभिमानाने स्वतःची मिरची खाल्ली. जरा वेळ तो गोंधळल्यासारखा उभा राहिला आणि मग त्यानेही "सूऽऽ" केलं.

"सगळा माल माझा," इमॅन्युएल म्हणाला. "डब्यावर छापणार मी, नंदुरबारच्या अनीस शेठला रडवणारा मसाला."

अनीस शेठ गोणीवरून उठले. डब्यावर त्यांचं नाव येणार होतं आणि डब्यात खोटं.

"थांब, इमॅन्युएल. ही मिरची गोड आहे. तिने मी रडलो नाही."

"मग कशाने?"

अनीस शेठनी एकदा आभाळाकडे पाहिलं. "पुस्तकाने."

 मग एक व्यापारी हसत सुटला. "शेठ, माल दुसऱ्याला द्यायचा असेल तर सरळ सांगा ना! पुस्तक काय मधेच?"

"खरंच सांगतोय."

"कोनतं पुस्तक?" जमनाबाईने कमरेवर हात ठेवून विचारलं. "वाची दखाडा."

आता पर्याय नव्हता. अनीस शेठनी पिशवीतून पुस्तक काढलं, पान शोधलं आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. आधी व्यापारी एकमेकांना कोपराने ढोसत होते. बाप बोरं घेऊन निघाला तेव्हा ते थांबलं. फाटकावरच्या माणसाने त्याला परत पाठवलं तेव्हा एका बाईने दात-ओठ खाऊन त्याला शिवी दिली. पहिली खिडकी झाली. दुसरी झाली. देठ खुडणारे सगळे हात आता थांबले होते. तिसऱ्या खिडकीपाशी भिला खाली बसला. त्याची पोरगीही आश्रमशाळेत होती.

"'एकाही खिडकीतून हात हलला नाही,'" अनीस शेठनी वाचलं. "'बाबांनी पुन्हा...'"

पुढचं त्यांना वाचता आलं नाही आणि कुणी आग्रहही धरला नाही. जमनाबाई पदरात तोंड घालून हुंदके देत होती. नाचलेला व्यापारी आता पाठ फिरवून उभा होता. फाटकापाशी दोन स्कूटरवाले थबकले, आतलं सगळं आवार रडताना पाहिलं, आणि "अरे बाप रे, खरंच तिखट आहे!" म्हणत गाड्या पळवत निघून गेले.

इमॅन्युएलने डोळे चोळले. मग त्याचा हात तसाच थांबला. त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. ती मिरचीने लाल झाली होती. त्याने पुन्हा एकदा मुद्दाम डोळा चोळला.

"शेठ, जेमतेम चुरचुरतंय. ही मिरची खरंच गोड आहे हो!"

"मी दुसरं काय सांगतोय?"

भिलाची मान खाली गेली. इमॅन्युएलने ढिगातली मूठभर मिरची उचलून उन्हात धरली. "पण रंग बघा की. माझी बायको रिबेका मागे लागलीय, लेकरांच्या डब्याला चालेल असा मसाला करा म्हणून. रस्सा लाल दिसेल आणि लेकरं रडणार नाहीत. नेतो मी, भिलाभाऊ. पण अनीस शेठचं नाव नाही घालणार." मग तो अनीस शेठकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पुढे काय होतं? पोरगी भेटते का त्याला?"

"माहीत नाही," अनीस शेठ म्हणाले. "इथून पुढे मी गेलोच नाही."

"म्हंजे?" जमनाबाई उसळली. "त्या बापले तठेच उभा ठेवा? आते बठ्ठं वाचा, नही तं मी काय देठ खुडत नही!"

"अब्बा, द्या इकडे," मागून आवाज आला.

लायबा जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि केव्हापासून ती फाटकापाशी उभी होती, कोण जाणे. अनीस शेठनी तिच्याकडे न पाहता पुस्तक पुढे केलं. तिने पान उलटलं आणि वाचलं.

"'मी बाबांच्या मागेच उभी होते. आम्ही मुली विहिरीवरून पाणी घेऊन परत येत होतो. मी हंडा खाली ठेवून विचारलं, बाबा, कुणाला हात करताय? तो तर भटारखाना आहे. बाबा दचकून वळले. म्हणाले, आधी सांगायचं ना गं, खांदा दुखला माझा. मग आम्ही तिथेच बसून बोरं खाल्ली.'"

आधी जमनाबाई हसली, नाक ओढत. मग सगळं आवार हसायला लागलं. भिला हसता हसता इमॅन्युएलच्या अंगावर कलंडला. "भटारखानाले हात करी ऱ्हायना व्हता!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"म्हणजे हे रडायचं पानच नव्हतं?" अनीस शेठनी विचारलं.

"नाही, अब्बा. रडायचं अजून खूप पुढे आहे."

माणसं पांगली. व्यापाऱ्यांना एकाएकी आपापली कामं आठवली, आणि मिरची खाऊन आपण काय काय केलं त्याची कुणीच कुणाला आठवण करून दिली नाही. इमॅन्युएल आणि भिला गोण्यांकडे गेले. लायबाने गोणीवर रुमाल पसरून डबा उघडला. अनीस शेठनी भाकरीचा तुकडा तोडला आणि परत डब्यात ठेवला.

"धुळ्याला तुला बी.एड.च्या होस्टेलवर सोडलं होतं ना," ते म्हणाले. "मी लगेच गाडीला नव्हतो गेलो. समोर रसवंतीपाशी उभा होतो. तुझी खिडकी कोणती ते विचारायचं राहून गेलं होतं. मला वाटलं, तू बघशील. बराच वेळ उभा होतो मी."

लायबाचा हात डब्यावरच थांबला. "हात हलवला होता?"

"थोडासा. लोक होते."

 "अब्बा, खरं सांगू? मी खिडकीत नव्हतेच. तुम्ही वळलात आणि मी मागच्या कँटीनमध्ये गेले. समोसे गरम होते."



"चांगले होते?"

"खूप."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मला इतके दिवस वाटत होतं, तू उपाशीच खिडकीत..."

वाक्य तिथेच राहिलं. लायबाने घास करून त्यांच्यापुढे धरला. तेवढ्यात जमनाबाई टोपली घेऊन जवळून चालली होती. ती थबकली आणि तिने वाकून शेठच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"शेठ, हाई पानी आते कसानं शे? मिरचीनं, का पुस्तकनं?"

"समोसानं," अनीस शेठ म्हणाले आणि त्यांनी घास तोंडात घेतला.